उद्योग शिकवितां येतो काय?

बारावीचा निकाल लागला, कीं आपल्या घरांतून एक लहानशी सभा भरते. आजोबा खुर्चीवर, काका गुणपत्रिका हातांत घेऊन, आई स्वयंपाकघराच्या दारांत, आणि जिच्या भवितव्याचा हा खल चालतो ती मुलगी कोपऱ्यांत गप्प. अभियांत्रिकी, वैद्यक, स्पर्धापरीक्षा, बँक हीं नांवें एकामागून एक येतात. अशा वेळीं ती मुलगी जर म्हणाली, "मला उद्योजकतेचा अभ्यासक्रम घ्यावयाचा आहे, पुढें स्वतःचें कांहींतरी काढावयाचें आहे," तर सभेचा रंग पालटतो. काका म्हणतात, "धंदा कोठें वर्गांत बसून शिकतां येतो? पाण्यांत पडल्यावांचून पोहतां येत नाहीं." आजी म्हणतात, "आपल्या घराण्यांत कोणीं तागडी हातीं धरली आहे?" आणि आई, जिला मुलीचें म्हणणें मनांतून पटलेलें असतें, ती मुकाट्यानें पोळ्या लाटावयास निघून जाते.

काकांचा आक्षेप आणि आजींचा आक्षेप, दोन्ही हंसण्यावारी नेण्याजोगे नाहींत. उद्योग शिकवितां येतो काय, आणि येत असल्यास तो आपल्या घरांतील मुलींनीं शिकावा काय, हे दोन प्रश्न आज पुष्कळ घरांपुढें आहेत. त्यांचीं उत्तरें शोधण्यास फार दूर जावयास नको. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या आगगाडीनें पन्नास-साठ किलोमीटर गेलें, कीं केडगांव लागतें. तेथें सव्वाशें वर्षांपूर्वीं एका मराठी बाईनें या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें प्रत्यक्ष कृतीनें दिलेलीं आहेत.

प्रथम, ज्या शिक्षणसंस्थेला आज 'कम्युनिटी कॉलेज' म्हणतात ती काय वस्तु आहे हें थोडक्यांत पाहूं. ज्यांना विद्यापीठाचा लांब पल्ला परवडत नाहीं किंवा नको असतो, त्यांना आपल्याच गांवाजवळ, थोड्या मुदतींत, भोंवतालच्या परिसरांत चालणाऱ्या कामधंद्यांचें शिक्षण मिळावें, ही त्यामागील कल्पना. अमेरिकेंत इलिनॉय संस्थानांतील जोलिएट या गांवीं १९०१ सालीं निघालेलें कॉलेज या प्रकारचें तेथील सर्वांत जुनें सरकारी कॉलेज समजलें जातें. आपल्याकडे पाँडिचेरी विद्यापीठानें १९९५ सालीं याचा आरंभ केला, आणि २०१३ पासून विद्यापीठ अनुदान आयोगानें अशा कॉलेजांना साहाय्य देण्याची योजना आंखली. कल्पना परदेशांतून आली असें आपण म्हणतों. परंतु जोलिएटचें कॉलेज निघण्यापूर्वींच केडगांवच्या माळरानावर शेंकडों निराधार स्त्रिया हातमाग चालवूं लागल्या होत्या आणि तेलाची घाणी फिरवीत होत्या, हें आपणांस क्वचितच आठवतें.

हें काम पंडिता रमाबाईंचें. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या १८५८ सालीं जन्मली. वडिलांनीं पत्नीला व मुलीला संस्कृत शिकविलें म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला, आणि पुराणें सांगत सारें कुटुंब देशभर हिंडलें. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत आईबाप गेले, पुढें भाऊ गेला, आणि विवाहानंतर दोनच वर्षांच्या आंत, १८८२ सालीं, पतीही गेले. मांडीवर तान्ही मुलगी, जवळ विद्या, पण घर नाहीं कीं उत्पन्न नाहीं, अशा स्थितींत ही चोवीस वर्षांची विधवा पुण्यास आली.

त्यानंतरच्या त्यांच्या चरित्रांतील धर्मांतराचा भाग आपल्या घरांतून इतका चर्चिला गेला आहे, कीं त्यामुळें एक दुसरा भाग झांकून गेला. तो म्हणजे त्यांची व्यवहारदृष्टि. इंग्लंडला जावयाचें ठरलें तेव्हां त्यांनीं 'स्त्रीधर्मनीति' हें पुस्तक लिहिलें, आणि त्याच्या विक्रीच्या पैशांतून वाटखर्चाची सोय केली. १८८६ सालीं, आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियास डॉक्टरकीची पदवी मिळाली त्या समारंभाच्या निमित्तानें त्या अमेरिकेंत गेल्या. तेथें हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनीं इंग्रजींत लिहिलेलें पुस्तक १८८७ सालीं निघालें, आणि त्याच्या विक्रीनें व व्याख्यानांनीं पुढील कार्याचा निधि उभा राहूं लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथें त्यांच्या नांवानें मंडळ निघालें. दहा वर्षेंपर्यंत खर्च चालविण्याची हमी या मंडळानें दिली, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत 'शारदासदन' सुरू झालें. दुसऱ्या वर्षीं तें पुण्यास आलें.

शारदासदनाविषयीं आजींना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. तेथील अगदीं पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नांवाची एक बालविधवा होती. पुढें १८९३ सालीं तिचा विवाह प्रा. धोंडो केशव कर्वे यांच्याशीं झाला आणि ती आनंदीबाई कर्वे, म्हणजे आपल्या सर्वांच्या बाया कर्वे, झाली. त्याच वर्षीं सदनांतील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याचा वाद पुण्यांत पेटला, रानडे व भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले, आणि पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. त्या वादाचा निकाल येथें लावावयाचा नाहीं. परंतु त्यानंतर तीनच वर्षांनीं अण्णासाहेब कर्व्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला, आणि १९०९ सालीं रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानें पुण्याच्या सेवासदनाचें काम सुरू होऊन तेथें शिवणकामासारखे उद्योग शिकविले जाऊं लागले. स्त्रीच्या हातीं विद्येबरोबर उपजीविकेचें साधन असलें पाहिजे, हा विचार वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांच्या घरीं अखेर पोहोंचलाच.

आतां केडगांवकडे वळूं. बोस्टनच्या मंडळाची हमी दहा वर्षांची होती. १८९८ उजाडलें, कीं ती संपणार. पैसा हातीं येत आहे तोंवर तो कोठून येतो याचा विचार बहुतेक संस्था करीत नाहींत. बाईंनीं मुदत संपण्याच्या दोन-तीन वर्षें आधींच केडगांव येथें सुमारे शंभर एकर जमीन घेतली. हेतु हा, कीं विहिरी खणाव्या, फळझाडें लावावीं, आणि त्यांच्या उत्पन्नावर सदन स्वतःच्या पायांवर उभें करावें. उद्योजकतेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकांत पहिल्या प्रकरणांत घालावें असें हें उदाहरण आहे. उत्पन्नाचा एकच झरा असला आणि तो अमुक दिवशीं आटणार हें ठाऊक असलें, तर दुसरा झरा आजच खणावयास घ्यावा.

परंतु झाडें मोठीं होण्यापूर्वींच संकट आलें. १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. लहानपणीं दुष्काळांत स्वतः होरपळलेल्या बाई तिकडे धांवल्या, आणि सुमारे तीनशें मुली व स्त्रिया त्यांनीं आणल्या. पुण्यांत प्लेग, शहरांत त्यांना ठेवण्याची सोय नाहीं. तेव्हां फळबागेसाठीं घेतलेली जमीन हीच त्यांचा आश्रय झाली. १८९८ सालीं 'मुक्तिसदना'ची वास्तु उभी राहिली. पुढें १९०० च्या गुजराथेंतील दुष्काळांतून आणखी स्त्रिया आल्या, आणि केडगांवची वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली.

दोन हजार माणसांना रोज अन्न पाहिजे, वस्त्र पाहिजे, तेल पाहिजे, दूध पाहिजे. हें सर्व विकत आणावयाचें, कीं येथेंच करावयाचें? बाईंनीं दुसरा मार्ग धरला. माग बसविले आणि लुगडीं विणलीं जाऊं लागलीं. तेलाची घाणी आली, गुरांचा गोठा आला, भाजीचे मळे आले. भाकरी-पाव भाजणें, धुणें, शिवण, वेताचें काम, तांब्यापितळेच्या भांड्यांस कल्हई करणें, हीं कामें स्त्रियाच करूं लागल्या. अंध स्त्रियांसाठीं वेगळें सदन निघालें, आणि त्यांनाही बोटांनीं वाचावयास व हातांनीं कामें करावयास शिकविलें गेलें. छापखाना निघाला, त्यांत खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंतचें काम मुली करीत. बाईंनीं स्वतः केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ सालीं, याच छापखान्यांतून पूर्ण छापून बाहेर पडलें. ज्या मुलींना दुष्काळानें अक्षरओळखही होऊं दिली नव्हती, त्यांच्यासारख्यांच्या हातून एवढा मोठा ग्रंथ जुळला गेला!

येथें काकांच्या आक्षेपाचें अर्धें उत्तर मिळतें. पाण्यांत पडल्यावांचून पोहतां येत नाहीं, हें खरेंच. केडगांवीं पाणी होतेंच. तेथील मुलीनें विणलेलें लुगडें कपाटांत नमुना म्हणून ठेवावयाचें नव्हतें, तें दुसऱ्या मुलीनें नेसावयाचें होतें. वीण सैल पडली, तर तें कोणाच्या तरी अंगावर फाटणार होतें. घाणी बंद पडली, तर संध्याकाळचा दिवा आणि फोडणी दोन्ही अडणार होतीं. परीक्षेंत पांच गुण कमी पडणें आणि दोन हजार माणसांच्या जेवणांत तेल कमी पडणें, या दोन चुकांतून होणाऱ्या शिक्षणांत केवढें अंतर आहे! म्हणून उद्योजकतेचें कॉलेज निवडतांना पहिला प्रश्न इमारतीविषयीं विचारूं नये. येथील विद्यार्थी जें करतात तें कोणी खरोखर विकत घेतें काय, आणि तें बिघडल्यास कोणाची अडचण होते, हें विचारावें.

उरलेलें अर्धें उत्तर अधिक महत्त्वाचें आहे, आणि तें समजण्यासाठीं कौशल्य व उद्योजकता यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. माग चालविणें हें कौशल्य. सूत कोठून, कोणत्या भावानें, किती दिवसांच्या उधारीनें आणावें, किती लुगडीं विणावीं, कोणती खपत नाहींत, तोटा आल्यास तो किती सोसावा आणि केव्हां थांबावें, हें ठरविणें म्हणजे उद्योजकता. मुक्तिसदनांत पहिली गोष्ट हजारों स्त्रिया शिकल्या. दुसरीचा भार मुख्यतः बाईंच्या आणि त्यांच्या जवळच्या सहकाऱ्यांच्या शिरावर होता. निराधार, आजारी, भेदरलेल्या स्त्रियांच्या वस्तींत याहून निराळें होणें कठीणच होतें. परंतु आज आपण मुलीला शिकवावयाचें म्हणतों, तेव्हां केवळ पहिल्या गोष्टीवर समाधान मानून चालणार नाहीं. बहुतेक ठिकाणीं मुलीला शिवण शिकवितात, केक शिकवितात, मेंदी शिकवितात आणि हाच उद्योजकतेचा अभ्यास असें सांगतात. ही मुलीची फसवणूक आहे.

एक घरगुती उदाहरण घेऊं. समजा, आपल्या घरांतील सूनबाईंनीं दिवाळीस एक किलो चकल्या करून ३०० रुपयांस विकल्या. भाजणी, तेल, तीळ यांस १६० रुपये लागले, गॅस व पिशव्या यांस ३०. घरांत सर्वांनीं वाहवा केली, "११० रुपये सुटले!" आतां वहीत आणखी एक ओळ लिहूं. भाजणी भाजण्यापासून चकली तळून होईपर्यंत त्यांचे तीन तास गेले. दुसऱ्या कोणास हें काम सांगितलें असतें, तर तासास ५० रुपयेप्रमाणें १५० द्यावे लागले असते. म्हणजे खर्च ३४०, विक्री ३००. नफा तर नाहींच, वर ४० रुपयांचा तोटा. तो तोटा कोणीं भरला? सूनबाईंच्या पाठीनें आणि झोपेनें भरला. आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चाललेले कित्येक 'घरगुती उद्योग' याच एका न लिहिलेल्या ओळीवर तरलेले आहेत. ही ओळ लिहावयास शिकविणें, आणि ती लिहिल्यावर भाव वाढवावा, पद्धत बदलावी, कीं काम सोडून द्यावें हें ठरवावयास शिकविणें, याला मी उद्योजकतेचें शिक्षण म्हणेन. आणि हें वर्गांत बसून अवश्य शिकतां येतें.

धाडस शिकवितां येतें काय, ही शंका तरीही उरेल. या शंकेची परीक्षाही झालेली आहे. डेव्हिड मॅक्लेलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९६४ सालीं आंध्रांतील काकिनाडा येथें लहान व्यावसायिकांना कांहीं दिवसांचें शिक्षण दिलें. ध्येय ठरविणें, बेताची जोखीम पत्करणें आणि परिणाम तपासून पाहणें, असा त्याचा रोख होता. शिक्षण घेतलेल्यांनीं पुढील काळांत इतरांपेक्षां अधिक उठाव केल्याचें त्याला आढळलें. याच विचारानें पुढें अहमदाबादेस १९८३ सालीं उद्योजकतेची राष्ट्रीय संस्था निघाली, आणि १९८८ सालीं महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झालें.

याहूनही बोलकें उदाहरण सातारा जिल्ह्यांतील म्हसवडचें आहे. माण तालुक्यांतील स्त्रियांनीं चेतना सिन्हा यांच्याबरोबर स्वतःची बँक काढण्याचा अर्ज केला. पण प्रवर्तकांपैकीं पुष्कळ जणी अंगठा उठविणाऱ्या, म्हणून रिझर्व्ह बँकेनें परवाना नाकारला. बायका घरीं जाऊन रडत बसल्या नाहींत. कांहीं महिने लिहावयावाचावयास शिकल्या, पुन्हां अधिकाऱ्यांपुढें गेल्या, आणि म्हणाल्या, कोणत्याही रकमेचें व्याज सांगा, आम्ही तोंडीं काढून देतों. १९९७ सालीं बँक उभी राहिली. पुढें तेथेंच खेड्यांतील स्त्रियांसाठीं व्यवसाय शिकविणारी शाळा निघाली, आणि ती बसमध्यें बसून गांवोगांवीं फिरूं लागली. मुदत, व्याज, हिशेब आणि भाव यांचें शिक्षण शेळी पाळणाऱ्या बाईला उपयोगी पडतें, तर पदवीपर्यंत शिकूं शकणाऱ्या आपल्या मुलीला तें हलकें कां वाटावें?

आतां आजींच्या आक्षेपाकडे वळूं. आपल्या घराण्यांत कोणीं तागडी धरली नाहीं, हें पूर्वीं खरें असेल. परंतु मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेंत शिक्षक असलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर, बढतींत डावलले गेल्यावर नोकरीवर तुळशीपत्र ठेवून बाहेर पडले. त्यांचा लोखंडी नांगर प्रथम कोणी घेईना. लोखंडानें जमिनींत विष भिनतें असें शेतकरी म्हणत. तरी ते डगमगले नाहींत, आणि १९१० सालीं ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. १९३९ सालीं भिलवडीस दुधाच्या धंद्याला आरंभ करणारे भास्कर गणेश चितळे हेही आपल्यांतलेच. तेव्हां तागडी पुष्कळांनीं धरली. मात्र ती पुरुषांनीं धरली, हा खरा फरक. मुलगा धंद्यांत पडला तर आपण त्याला 'धाडसी' म्हणतों. बुडाला तर वडील पुन्हां भांडवल देतात. मुलीला मात्र भांडवल सोन्याच्या रूपानें आणि एकदांच मिळतें, तेंही मोडावयाचें नाहीं अशा बोलींनें.

एकत्र कुटुंबाविषयीं एक गोष्ट स्पष्टपणें बोलली पाहिजे. आपल्या पद्धतींत जागा आहे, मुलांकडे पाहणारीं माणसें आहेत, अडीनडीला हात आहेत. नव्या उद्योगाला याहून चांगला आधार कोणता? परंतु याच घरांत बाईनें मिळविलेला पैसा डब्यांत पडतो आणि घरखर्चांत विरघळून जातो. महिन्याच्या अखेरीस किती आला, किती गेला, हें तिलाच सांगतां येत नाहीं. ज्या पैशाची वेगळी वही नाहीं, त्याचें भांडवल कधींच होत नाहीं. रमाबाईंनीं दहा वर्षांच्या हमीकडे डोळे उघडे ठेवून पाहिलें, कारण येणारा व जाणारा पैसा त्यांच्या नजरेसमोर होता. आपल्या मुलीला तेवढें तरी आपण दाखवितों काय?

म्हणून घरांतील त्या सभेस माझी एवढीच विनंती आहे. मुलगी उद्योजकतेचा अभ्यासक्रम घेऊं म्हणत असेल, तर तिला हंसूं नये, आणि डोळे झांकून होही म्हणूं नये. कॉलेज पाहून यावें. तेथें खरें गिऱ्हाईक येतें काय, हिशेब विद्यार्थ्यांच्या हातीं असतो काय, भोंवतालच्या धंद्यांशीं संबंध आहे काय, हें विचारावें. दौंड तालुक्यासारख्या मुलखांत ऊस आहे, गुऱ्हाळें आहेत, दूध आहे, रेल्वे आहे, आणि पुण्याची पेठ दोन तासांच्या आंत आहे. तेथील कॉलेजानें गुळाचा भाव आणि दुधाचा हिशेब सोडून परदेशी कंपन्यांच्या गोष्टी सांगितल्या, तर तें शिक्षण फुकट समजावें. अभ्यास संपल्यावर तिला थोडें भांडवल द्यावें, पण देणगी म्हणून नव्हे. कर्ज म्हणून, कागदावर लिहून, फेडीची मुदत ठरवून द्यावें. खातें तिच्या एकटीच्या नांवानें असावें. तोटा आला, तर पहिल्या तोट्याला 'आम्ही सांगितलेंच होतें' असें कोणी म्हणूं नये. केडगांवचीं फळझाडेंही बाईंच्या मूळ बेताप्रमाणें वाढलीं नाहींत, आणि त्याच जमिनीवर त्याहून मोठें काम उभें राहिलें.

पंडिता रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांवींच निवर्तल्या. त्यांची संस्था आजही तेथें निराधार स्त्रियांना व मुलांना आसरा देत आहे. आगगाडीनें सोलापूरकडे जातांना आपण पुष्कळदां ते स्टेशन मागें टाकतों. एकदां मुलीला घेऊन तेथें उतरावें.

आणि परत येतांना बाजारांतून हिशेबाच्या दोन वह्या आणाव्या. एक मुलीसाठीं, आणि दुसरी स्वयंपाकघराच्या दारांत मुकाट्यानें उभ्या राहणाऱ्या तिच्या आईसाठीं.